गावापर्यंत आलेली तार व आपली जबाबदारी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी यंदाच्या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली, तेव्हा प्रथम मी नकार देऊन पाहिला. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढे अध्यापनाची पदविका घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळांतून अडतीस वर्षे मुलांना बाराखडी व पाढे शिकविले आणि २०१६ साली सेवानिवृत्त झालो. या व्यासपीठावरून आजवर विद्वान वक्ते, वकील, डॉक्टर बोलून गेले आहेत. त्यांच्या पंक्तीस बसण्याचा माझा अधिकार नाही. परंतु चिटणीसांनी विषयाची मोकळीक दिली आणि गेली काही वर्षे माझ्या मनात सलत असलेली एक गोष्ट ज्ञातीपुढे उघड करण्यास याहून चांगली जागा मिळणार नाही असे वाटले, म्हणून उभा राहिलो आहे.

माझा विषय ऐकून काहींना नवल वाटेल. आपल्या मेळाव्यात शिक्षण, हुंडा, वधूवर-सूचना, वसतिगृहाचा निधी या गोष्टींची चर्चा होते. मी बोलणार आहे ते खेड्यापर्यंत जलदगती इंटरनेटची तार नेण्यासाठी सरकार जी प्रचंड खरेदी करीत आले आहे तिच्याविषयी. ही खरेदी कशी होते, ती कोठे चुकली, ती सुधारण्याचा कोणता यत्न चालू आहे, आणि यांत तुमचे-माझे कर्तव्य कोणते, एवढेच मला सांगावयाचे आहे. हा विषय मंडळाच्या कक्षेबाहेरचा नाही, हे ओघाने ध्यानात येईल.

आरंभी माझी एक चूक कबूल करतो.

२०१७ साली आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत तार आली. रस्त्याच्या कडेने चर खणला गेला, नळीतून तार ओढली गेली आणि पंचायतीच्या कचेरीत भिंतीवर एक पेटी बसली. कंत्राटदाराची माणसे कागद घेऊन आली. सरपंच मला म्हणाले, "गुरुजी, तुम्ही जाणते आहात. तुम्हीही पाहून घ्या आणि साक्षीदार म्हणून सही करा." मी पाहिले. पेटीवर हिरवा दिवा लुकलुकत होता. त्या माणसाने आपल्या संगणकावर एक पान उघडून दाखविले. मी चष्मा काढून पुसला, कौतुक केले आणि काम पूर्ण झाल्याच्या कागदावर मराठीत ठसठशीत सही केली. अडतीस वर्षांत मुलांचे हजारो पेपर तपासणाऱ्या मास्तराने त्या दिवशी एका प्रश्नावरून संपूर्ण उत्तरपत्रिकेला पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले.

पहिल्या पावसाळ्यात दिवा विझला. रस्तारुंदीच्या कामात तार तुटली असे कोणी म्हणाले. पेटीची विजेची जोडणी जळाली असे दुसरे कोणी म्हणाले. तार टाकणारा निराळा, पेटी पुरविणारा निराळा, पेटीला वीज देणारा निराळा, आणि त्या सर्वांचे पैसे चुकते होऊन गेलेले. पंचायतीने एका कचेरीस लिहिले, तिने दुसरीकडे बोट दाखविले. पेटी भिंतीवर तशीच राहिली. पुढे तिच्यावर कोणी दिनदर्शिका अडकविली.

पुढे एका वर्षी आपल्याच ज्ञातीतील एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा होता. वडील सुतारकाम करतात, मुलगी हुशार. अर्ज केवळ इंटरनेटवरूनच भरावयाचा, कागदे त्यावरच चढवावयाची. गावात मोबाईलची लहर टेकडीवर गेल्याशिवाय मिळत नाही, आणि टेकडीवर कागदे चढत नाहीत. दोन दिवस तिने प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी बाप कामाचा खाडा करून तिला घेऊन तालुक्यास गेला. तेथे रांग होती. चौथ्या दिवशी मुदत संपली. ते वर्ष त्या घराने कर्ज काढून निभावले. मुलगी शिकली, तिने धीर सोडला नाही, हे परमेश्वराचे उपकार. परंतु ती माझ्या घरी येऊन म्हणाली, "गुरुजी, पंचायतीत तर इंटरनेट आहे ना? मग ते चालत का नाही?" मला उत्तर देता आले नाही. कारण ते आहे, असे लिहून देणाऱ्यांत माझी सही होती.

त्या दिवसापासून मी या विषयाचे वाचन आरंभिले. जे समजले ते आता आपणांपुढे ठेवतो.

२५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना मंजूर केली. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची तार न्यावयाची आणि प्रत्येक पंचायतीस सेकंदाला १०० मेगाबिट एवढा वेग उपलब्ध करून द्यावयाचा, असा संकल्प होता. काचतंतू म्हणजे केसासारखी बारीक काच. तिच्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. आणि त्या प्रकाशाच्या लुकलुकण्यातून लिखाण, चित्र, आवाज सारे वाहून नेले जाते. या कामासाठी २०१२ साली भारत ब्रॉडबँड नेटवर्क लिमिटेड नावाची सरकारी कंपनी स्थापन झाली. प्रत्यक्ष काम भारत संचार निगम, रेलटेल व पॉवरग्रिड या तीन सार्वजनिक संस्थांकडे सोपविण्यात आले. पुढे योजनेचे नाव भारतनेट झाले.

सुमारे २० हजार कोटी रुपयांत आणि दोन वर्षांत हे काम व्हावे अशी अपेक्षा होती. पहिल्या एक लाख पंचायतींचा टप्पा पूर्ण होण्यास डिसेंबर २०१७ उजाडला. त्याच वर्षी दुसऱ्या टप्प्यासह एकूण खर्चाचा आकडा ४२,०६८ कोटी झाला आणि काही राज्यांनी आपापल्या यंत्रणेमार्फत काम करावे असे ठरले. त्यांत आपला महाराष्ट्रही होता. ३० जून २०२१ रोजी सोळा राज्यांसाठी खाजगी भागीदारीचा मार्ग मंजूर झाला व त्यासाठी १९,०४१ कोटींचे साहाय्य ठरले. त्या सोळांत महाराष्ट्र नव्हता. परंतु त्या निविदांना प्रतिसादच मिळाला नाही आणि तो बेत सोडून द्यावा लागला. शेवटी ४ ऑगस्ट २०२३ रोजी सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला. त्याचा खर्च १,३९,५७९ कोटी रुपये. २ लाख ६४ हजार पंचायतींनी भागून पाहिले, तर दर पंचायतीमागे सुमारे ५३ लाख रुपये येतात. अर्थात यांत मागणीनुसार जोडावयाची इतर गावे व पुढील देखभालही आली.

हा पैसा कोणाचा? सरकारचा, असे आपण सहज म्हणतो. दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून शेकडा पाच टक्के अंशदान सरकार घेते आणि ते एका निधीत जमा होते. त्यास सार्वत्रिक सेवा दायित्व निधी म्हणत. २०२४ पासून त्याचे नाव डिजिटल भारत निधी आहे. कंपन्यांचे उत्पन्न म्हणजे तुम्ही-आम्ही दर महिन्यास मोबाईलसाठी भरतो ते पैसे. तेव्हा टेकडीवर चढून लहर शोधणारी ती मुलगीसुद्धा या तारेची किंमत फेडीत होती. उपकार म्हणून मिळालेल्या वस्तूविषयी माणूस प्रश्न विचारीत नाही. मोल देऊन घेतलेल्या वस्तूविषयी विचारण्याचा त्याचा हक्क असतो.

आता फळाचा हिशेब पाहू. २०२५ च्या आरंभीची सरकारी आकडेवारी सांगते की, २ लाख १४ हजारांहून अधिक पंचायती सेवेस सज्ज झाल्या, आणि ६ लाख ९० हजार किलोमीटरांहून अधिक तार टाकली गेली. पृथ्वीचा परीघ सुमारे चाळीस हजार किलोमीटर धरला, तर ही तार पृथ्वीभोवती सतरा वेळा गुंडाळता येईल. हे काम लहान नव्हे. सह्याद्रीचा कातळ, पूर्वेकडील डोंगर, वाळवंट, नद्या, यांतून ज्यांनी चर खणले त्यांच्या श्रमांस मी मनापासून वंदन करतो. परंतु त्याच आकडेवारीत या जाळ्यावरील घरगुती फायबर जोडण्यांची संख्या सुमारे बारा लाख दिली आहे. भागाकार करा. एका पंचायतीमागे पाच-सहा जोडण्या पडतात. सतरा वेळा पृथ्वीला वेढा घालणारी तार, आणि पंचायतीमागे पाच-सहा घरे! कोठेतरी हिशेब अडला आहे.

तो कोठे अडला, याचा विचार करताना मला माझ्या वडिलांची आठवण झाली.

आपण जातीने सुतार. माझे वडील नांगर, कुळव, पाभर करीत. नवा नांगर घडविला की तो ते अंगणात कोणाच्या हवाली करीत नसत. शेतकऱ्याबरोबर शेतात जात, बैल जुंपवीत, दोन तास मारून पाहत. हाळीस उचलते आहे असे दिसले तर तेथेच वाकस काढून खुंटी ठोकीत. ते म्हणत, "अंगणात उभा आहे ते लाकूड. शेतात चालला तर नांगर." आणि त्यांस मोबदला मिळे तो नगावर मिळत नसे. वर्षभर अवजारे चालती ठेवावयाची आणि सुगीत खळ्यावर बलुते घ्यावयाचे. ऐन पेरणीत पाभर मोडली तर रात्री कंदील लावून ती दुरुस्त केली जाई, कारण पेरणी चुकली तर खळे नाही, आणि खळे नाही तर बलुते नाही. कारागिराचे हित व शेतकऱ्याचे हित एकाच गाठीने बांधलेले होते.

बलुतेदारीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तिच्यात उच्चनीचता होती, लाचारी होती, बलुते घालताना हात आखडणारे होते, आणि आपल्याहून खालच्या मानलेल्या बांधवांस तर तिने माणूस म्हणूनही जगू दिले नाही. ती गेली हे इष्टच झाले. परंतु टाकून द्यावयाच्या वस्तूतही एखादा चांगला खिळा असतो, तो सुतार काढून ठेवतो. मोल द्यावयाचे ते अवजार चालते ठेवण्याबद्दल, हा तो खिळा होय.

सरकारी खरेदीचा प्रघात याच्या उलट होता. खरेदीची रीत थोडक्यात अशी. प्रथम गरज ठरते व तिचे वर्णन लिहिले जाते. मग निविदा निघते. हल्ली ती संगणकावरूनच भरली जाते. इच्छुकांनी बयाणा भरावयाचा आणि दोन लिफाफे द्यावयाचे, एक तांत्रिक, दुसरा दराचा. तांत्रिक लिफाफ्यात जे पात्र ठरतील त्यांचेच दर उघडावयाचे आणि ज्याचा दर सर्वांत कमी त्यास काम द्यावयाचे. यांत हेतू वाईट नाही. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत अधिकाऱ्यांवर काटकसर, कार्यक्षमता, पारदर्शकता व सर्वांस समान वागणूक यांचीच जबाबदारी टाकलेली आहे. सर्वांत कमी दर घेतला म्हणजे वशिल्याचा आरोप येत नाही, हाही त्यातील भाग. परंतु स्वस्त कोण, हे ठरण्यापूर्वी आपण काय विकत घेत आहो, हे नीट लिहिलेले असावे लागते. खरी मेख तेथे आहे.

पहिल्या टप्प्यात तारेची खरेदी वेगळी, यंत्रांची वेगळी आणि चर खणून तार टाकण्याचे काम वेगळे, अशी वाटणी होती. तार किलोमीटरवर मोजली जाते, यंत्र नगावर मोजले जाते, चर मीटरवर मोजला जातो. तिघांचीही मापे बरोबर भरली, तिघांसही पैसे मिळाले. परंतु गावकऱ्यास किलोमीटर नको होते, नग नको होते. त्यास इंटरनेट हवे होते, आणि ते पुढेही चालते ठेवण्याचे काम या तिघांपैकी कोणाच्याच मापात मावत नव्हते. त्यातून तालुक्यापासून काही अंतरापर्यंत जुनीच तार वापरावयाची आणि जेथे नाही तेथेच नवी टाकावयाची, अशी काटकसर केलेली होती. जुन्या तारेत जागोजाग जोड. सांध्यात ताकद जाते हे सुतारास सांगावयास नको; प्रत्येक सांध्यावर प्रकाशही थोडा थोडा गळतो. शिवाय तालुक्याहून निघालेला रस्ता एकच. मध्ये एक कुदळ चुकून लागली की तिच्यापुढील सारी गावे अंधारात. पुलावरून पाणी गेले की पलीकडची गावे तुटतात, तसेच हे.

या चुका सरकारच्या ध्यानात आल्या नाहीत असे मी म्हणणार नाही. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी अर्थखात्याने खरेदीविषयी नव्या सूचना काढल्या. ज्या कामात गुणवत्तेस विशेष महत्त्व आहे असे ठरविले जाईल, तेथे केवळ दर न पाहता गुणवत्तेस तीस टक्क्यांपर्यंत वजन देता येईल, असे त्यांत म्हटले आहे. आणि २०२३ च्या सुधारित भारतनेटमध्ये तर मूळ रचनाच बदलली आहे. एकेरी रेषेऐवजी वलय करावयाचे, म्हणजे गावास दोन वाटा. एक तुटली तरी दुसरीने सेवा चालू राहील. आराखडा, उभारणी, चालविणे व देखभाल हे सारे एकाच कंत्राटदाराकडे द्यावयाचे. उभारणीस तीन वर्षे आणि पुढे देखभाल दहा वर्षे. भारत संचार निगमने २०२४ मध्ये सोळा भागांसाठी निविदा काढल्या त्या याच धर्तीवर. घरोघर जोडणी देण्यासाठी गावातीलच होतकरू माणसास उद्यमी म्हणून हाताशी घ्यावयाचे, हीही कल्पना आहे.

हे वाचले तेव्हा मी मनाशी म्हटले, सव्वा लाख कोटींहून अधिक रुपयांच्या या कागदात माझ्या वडिलांचा खिळा सापडला! अवजार चालते ठेवा आणि मग मोल घ्या.

परंतु बंधुभगिनींनो, येथेच समाधान मानून घरी जाण्याचा मोह आवरला पाहिजे. बलुतेदारीत पाभर चालते की नाही हे पाहणारा शेतकरी रोज बांधावर उभा असे, म्हणून ती अट पाळली जाई. दहा वर्षांच्या देखभालीची अट कागदावर कितीही उत्तम असो, तार चालू आहे की बंद हे पाहणारा कोणी गावात नसेल, तर दिल्लीच्या पाटीवर हिरवा दिवा आणि गावच्या भिंतीवर दिनदर्शिका, हाच प्रकार पुन्हा होईल. दोन अडीच लाख पंचायतींच्या दारांत सरकार एकेक तपासनीस उभा करू शकत नाही. तो तपासनीस गावानेच द्यावा लागेल. खरेदीतील शेवटचा टप्पा म्हणजे माल पडताळून ताब्यात घेणे. निविदा राजधानीत निघते, पण हा शेवटचा टप्पा आपल्या ओसरीवर होतो. त्या टप्प्यावर मी नापास झालो. आपण होऊ नये.

यासाठी चार गोष्टी मी सुचवितो. त्यांस पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट, सही करण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न. तारेचे, नळपाण्याचे, शाळेच्या संगणकाचे किंवा पथदिव्याचे कोणतेही काम ताब्यात घेताना विचारा. ही वस्तू कोणत्या कसोटीवर पूर्ण झाली असे ठरते? एक दिवस चालून दाखविली म्हणजे पुरे, की महिनाभर? बिघडल्यास कोणी, किती वेळात दुरुस्त करावयाची, आणि न केल्यास दंड काय? तक्रार कोठे नोंदवावयाची? उत्तर लेखी मागा. उत्तर नसेल तर सहीच्या वर स्वच्छ लिहा, "अमुक दिवशी, अमुक वाजता चालू पाहिले; पुढील देखभालीची माहिती मिळाली नाही." एवढी एक ओळ मी लिहिली असती, तर निदान विचारावयास आधार राहिला असता.

दुसरी गोष्ट, नोंदवही. पंचायतीत दोन रुपयांचा दोरा बांधून एक वही टांगावी आणि रोज सकाळी, दुपारी व सायंकाळी तार चालू की बंद हे लिहावे. शाळेतील सातवी-आठवीची मुले हे काम हौसेने करतील. पाऊस मोजण्याची वही आम्ही त्यांच्याकडून लिहून घेत असू, तसेच हे. "आमचे इंटरनेट नेहमी बंद असते," या तक्रारीस कोणी विचारीत नाही. "या महिन्यातील तीस दिवसांपैकी एकोणीस दिवस बंद, ही पाहा तारखा," असे म्हटले की समोरच्यास फाईल उघडावी लागते. देखभालीचे पैसे जेथे चालू असण्यावर दिले जातात, तेथे ही वही म्हणजे आपल्या हातातील तराजू आहे.

तिसरी गोष्ट, कागद पाहण्याचा हक्क. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक कचेऱ्यांनी बरीचशी माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावयाची आहे. ती नसेल तर दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो, आणि सामान्यतः तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. आपल्या तालुक्यातील कामाचा करार, देखभालीच्या अटी, दिलेली देयके यांविषयी विचारता येते. ग्रामसभेत हा विषय मांडता येतो. भांडणाच्या सुरात नको. मास्तर वही मागतो त्या सुरात मागावे. त्या सुरास वाईट वाटत नाही आणि नाही म्हणणेही कठीण जाते.

चौथी गोष्ट खास आपल्या ज्ञातीसाठी आहे. आपल्या तरुणांपुढे आज प्रश्न आहे की, ट्रॅक्टर आला, लोखंडी अवजारे आली, तयार दरवाजे आले. आता सुताराने काय करावे? काचतंतूचे दोन तुकडे जोडणे हे सूक्ष्म हातकाम आहे. टोके स्वच्छ करावयाची, काटकोनात कापावयाची, यंत्रात समोरासमोर आणून वितळवून एकजीव करावयाची, आणि सांध्यात प्रकाश किती गळतो हे मोजून पाहावयाचे. सांधा दिसू नये, असे ज्यांच्या आजोबांचे ब्रीद होते, त्यांच्या नातवांस हे काम का जमू नये? ही तार पुढील कित्येक वर्षे तुटत राहणार आणि जोडावी लागणार. ज्या तालुक्यात दुरुस्तीचा माणूस राहतो, त्या तालुक्याची तार लवकर जुळेल. मंडळाने औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून या कामाची चौकशी करावी, दरवर्षी चार-पाच मुलामुलींस ते शिकण्यासाठी साहाय्य द्यावे आणि गावच्या उद्यमीच्या कामासाठी अर्ज करण्यास मार्गदर्शन करावे, अशी माझी कार्यकारी मंडळास नम्र विनंती आहे. मी 'मुलामुलींस' म्हटले, ते जाणूनबुजून म्हटले.

कोणी म्हणेल, गुरुजी, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, तारेचा एवढा खटाटोप कशास? त्यास माझे उत्तर असे की, मोबाईलच्या मनोऱ्यासही मागून तारच लागते. ती अरुंद असेल तर मनोरा उंच असून उपयोग होत नाही. आणि २०२० मध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हा काय झाले ते आपण पाहिले आहे. शहरातील आपली मुले खोलीत बसून शिकली आणि खेड्यातील आपली मुले झाडाखाली, टेकडीवर, एका मोबाईलभोवती चौघे अशी बसली. एकाच ज्ञातीची, एकाच आजोबांची नातवंडे. परंतु एकाच्या दाराशी तार होती, दुसऱ्याच्या नव्हती. आपले मंडळ शिष्यवृत्त्या देते, वसतिगृह चालविते, हे भूषणावह आहे. परंतु शिष्यवृत्तीचा अर्जच ज्या गावातून जाऊ शकत नाही, त्या गावच्या मुलास आपला निधी कसा पोहोचणार?

शेवटी पुन्हा त्या पेटीकडे येतो. आमच्या पंचायतीतील दिनदर्शिका मी स्वतः काढली. नोंदवही टांगली आहे. पहिल्या पानावर मी माझ्या सहीची हकीकत लिहिली आहे, म्हणजे पुढे ज्यांस सही करावी लागेल त्यांनी ती वाचावी. वहीच्या तारखा घेऊन आम्ही तीन वेळा तालुक्यास जाऊन आलो. तिसऱ्या खेपेस एक तरुण अभियंता आला. त्याने वही पानापानाने पाहिली आणि म्हणाला, "एवढी नोंद आम्हांला कोणत्याही गावाने दिली नव्हती." तार जोडून गेला. आज ती चालते. मधूनच बंद पडते. बंद पडली की वहीत चढते, आणि दोन-तीन दिवसांत कोणी तरी येते. पूर्वीपेक्षा हे पुष्कळ आहे.

ती मुलगी सुट्टीत गावी आली होती. पंचायतीत जाऊन तिने वही चाळली, आणि त्या दिवसाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिले, "सकाळी दहा वाजता चालू." त्या चार शब्दांनी माझ्या सहीचा थोडासा भार हलका झाला.

 प्रभु विश्वकर्मा आपल्या हातांस कौशल्य, डोळ्यांस पारख आणि सही करताना थोडा वेळ थांबण्याची बुद्धी देवो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!